माध्यमिक शाळेतील व्यवसाय शिक्षण आणि आपली मुले

दहावीचा निकाल लागला की वस्तीत घरोघरी दोन प्रश्न विचारले जातात. टक्के किती पडले आणि कोणत्या शाखेला जाणार? मुलाच्या किंवा मुलीच्या हाताला कोणते काम येते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर तो कमी गुण पडलेल्या मुलाच्या बाबतीत, आणि तोही उसासा टाकून. "याला कुठेतरी आय.टी.आय.ला घाला," असे म्हणण्यात जी निराशा असते, तीच आपल्याकडील व्यवसाय शिक्षणाची खरी अडचण आहे.

प्रस्तुत लेखात माध्यमिक शाळेत, म्हणजे आठवी ते बारावीच्या काळात, मुलांना व्यवसायाचे शिक्षण कसे दिले गेले, कसे दिले जाते व कसे दिले जावे, याचा विचार आम्ही करणार आहोत. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत काम करताना हाती चांगली कला असलेले तरुण आणि हाती पदवी असलेले तरुण, असे दोन्ही प्रकारचे तरुण आम्ही रोज पाहतो. पहिल्याला आपल्या कामाचा हिशेब कागदावर मांडता येत नाही, तर दुसऱ्याला मांडण्यासारखे काम येत नाही. ही फूट शाळेतच पडते, म्हणून ती शाळेतच सांधली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

शंका रास्त आहे

आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींना व्यवसाय शिक्षणाची शंका येते आणि ती रास्त आहे. शेकडो वर्षे ज्यांना जन्माने ठरवून दिलेलेच काम करावे लागले, त्यांनी शाळेच्या दारात पाऊल ठेवले ते त्या कामातून सुटण्यासाठी. तिथे पुन्हा मुलाच्या हाती हत्यार दिले, तर "आम्ही यासाठी शाळेत पाठविले का?" असा प्रश्न पालक विचारणारच. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. माणसाची आवड व पात्रता न पाहता त्याचे काम ठरविणे, हा त्या व्यवस्थेचा मूळ दोष होय.

ही भीती काल्पनिक नाही. १९५३ साली तत्कालीन मद्रास राज्यात मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी दिवसातील काही तास शाळेत शिकावे व उरलेल्या वेळात आईवडिलांचा धंदा शिकावा, अशी तिची मांडणी होती. लोकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे नाव दिले आणि तिला कडाडून विरोध केला. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना मागे घेण्यात आली. चर्मकाराच्या मुलाने चामडेच कापावे आणि वकिलाच्या मुलाने पुस्तकच वाचावे, असा जिचा परिणाम होतो, ती योजना कितीही गोड शब्दांत सांगितली तरी व्यवसाय शिक्षण ठरत नाही.

परंतु यावरून हाताचे काम शिकूच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात त्यांनी त्या काळच्या शिक्षणावर टीका केली. हे शिक्षण व्यवहाराला निरुपयोगी आहे व त्यातून कारकून आणि शिक्षक एवढेच तयार होतात, असा तिचा रोख होता. प्राथमिक शिक्षणात वाचन, लेखन व हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत, असेही त्यांनी सुचविले. आम्ही स्वतः कारकूनच असल्याने ही टीका आम्हाला विशेष लागते.

बाबासाहेबांचे धोरणही असेच दोन्ही अंगांनी पाहणारे होते. १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी तरतूद मागितली आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत उमेदवारीची सोयही मागितली. त्याच वर्षी ते मजूरमंत्री झाले व युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याकडे होती. म्हणजे वरच्या वर्गातील प्रयोगशाळा आणि कारखान्यातील लेथ, ही दोन्ही दारे त्यांना आपल्या मुलांसाठी उघडी हवी होती.

एवढेच कशाला, महामंगल सुत्तात बहुश्रुतता आणि शिल्प, म्हणजे हाताचे कौशल्य, या दोन्ही गोष्टी उत्तम मंगल म्हणून शेजारी शेजारी सांगितल्या आहेत. त्यांची फारकत आपण नंतर केली.

उद्दिष्टे मोठी, गाडी हळू

शाळेत व्यवसाय शिक्षण आणण्याचे प्रयत्न आपल्या देशात जुने आहेत. १८८२ च्या हंटर आयोगानेच माध्यमिक शिक्षणाच्या दोन शाखा सुचविल्या होत्या, एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यापार-उद्योगाकडे नेणारी. पुढे १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली व डॉ. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यवसायाचे शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा ठेवली.

१९८६ साल उजाडले तेव्हा निम्मे तर सोडाच, त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला उद्दिष्ट खाली आणून १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के असे ठरवावे लागले. १९९२ साली ह्याच आकड्यांची मुदत वाढवून १९९५ व २००० अशी करण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत शाळा व उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडावा असे म्हटले. त्याच धोरणात एक तुलना दिली आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०१२-१७) अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहून कमी होते, जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के व दक्षिण कोरियात ९६ टक्के होते.

प्रत्येक वेळी आकडा मोठा धरला गेला व प्रत्येक वेळी मुदत टळली. पैशाची व यंत्रसामग्रीची टंचाई ही कारणे आहेतच. पण आमच्या मते त्याहून मोठे कारण असे की, व्यवसायाची शाखा ही 'दुसऱ्यांच्या मुलांसाठी' आहे असेच जवळजवळ सर्वांनी मानले. ज्या शाखेत ठरविणाऱ्यांची मुले जात नाहीत, त्या शाखेचे लेथ गंजतात.

महाराष्ट्रातील मार्ग

आपल्या राज्यात हे शिक्षण निरनिराळ्या नावांनी मुलांपर्यंत पोचले. ही नावे विद्यार्थ्यांनी व पालकांनी समजून घेतली पाहिजेत.

पहिला मार्ग तांत्रिक विद्यालयांचा. येथे आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या विषयांबरोबर यंत्र व विद्युत विषयांची तोंडओळख, कार्यशाळेतील काम आणि आरेखन शिकता येते.

दुसरा मार्ग अकरावी-बारावीचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस द्विलक्षी अभ्यासक्रम आले. त्यात विज्ञान किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी एक व्यवसाय विषय घेऊनही आपल्या शाखेतच राहत असे. १९८८ साली केंद्राची योजना आल्यावर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'एम.सी.व्ही.सी.', सुरू झाले. त्यात तांत्रिक, वाणिज्य, कृषी, आरोग्य, गृहविज्ञान व मत्स्य असे गट होते आणि निम्म्याच्या आसपास वेळ व्यवसायाला होता.

तिसरा मार्ग अलीकडचा. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा जाहीर झाला. त्यानुसार नववीपासून माध्यमिक शाळेतच ऑटोमोटिव्ह, आरोग्यसेवा, किरकोळ विक्री, कृषी, मल्टी स्किल यांसारखा एखादा विषय घेता येतो. २०१८ पासून ही योजना समग्र शिक्षा अभियानाखाली चालते. शिकविणारे प्रशिक्षक बहुधा एखाद्या संस्थेमार्फत करारावर नेमलेले असतात. त्यांची नेमणूक लांबली की मुलांचे वर्ष वाया जाते, हा या व्यवस्थेचा कच्चा दुवा होय.

याशिवाय १९५० पासून चालत आलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेतच, पण त्या शाळेबाहेरच्या आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम केलेल्याला किंवा बारावी व्यवसाय शाखा उत्तीर्ण झालेल्याला नियमांच्या अधीन राहून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. तेव्हा फिटरचा दाखला हा रस्त्याचा शेवट नव्हे. हा जिना कित्येक पालकांना ठाऊकच नसतो.

पाबळचे उदाहरण

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. तेथे डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८-२००३) या शास्त्रज्ञाने १९८३ साली विज्ञान आश्रमाची सुरुवात केली. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळविलेला व मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस दुष्काळी भागातील खेड्यात येऊन राहिला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार केला व पुढे त्याला राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाची मान्यता मिळाली.

या विषयाची रीत साधी आहे. आठवड्यातील एक दिवस, म्हणजे शाळेचा सुमारे २० टक्के वेळ, हाताच्या कामाला द्यावयाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. मुलाने एकच विभाग न घेता चारही शिकावयाचे. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा खाद्यपदार्थ बनवितो. शिकविणारे शक्यतो गावातीलच कुशल कारागीर. काम खोटे नसते. गावाला किंवा शाळेला ज्याची गरज आहे तीच वस्तू करावयाची व तिचा मोबदला घ्यावयाचा. कामाचा आराखडा काढणे आणि खर्च मांडणे हा अभ्यासाचाच भाग.

या रीतीत आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, वर्गातील सर्व मुले हे काम करतात, 'ढ' म्हणून बाजूला काढलेली नव्हे. दुसरी, मुलाला तेराव्या वर्षी एका धंद्याला जुंपले जात नाही, चार कामांची ओळख करून दिली जाते. तिसरी, गणित-विज्ञान सुटत नाही, उलट पक्के होते. पुढे राष्ट्रीय आराखड्यातील 'मल्टी स्किल' हा विषय याच अनुभवातून घडला.

एक बोर्ड, तीन विषय

हाताच्या कामाने अभ्यास कसा पक्का होतो, हे विद्यार्थ्यांसाठी उदाहरणाने सांगतो. समजा, नववीच्या वर्गाला विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड तयार करावयाचा आहे.

प्रथम विज्ञान. आपल्या घरचा विद्युतदाब २३० व्होल्ट धरतात. बोर्डावरील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. आता पाणी तापविण्याचा रॉड १५०० वॅटचा असेल, तर तो सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतो. म्हणून तो या बोर्डावर लावणे धोक्याचे. त्याला १६ अँपिअरचे मोठे सॉकेट व त्या जोगती जाड वायर लागते. वस्तीत कित्येक घरांत ही चूक होते व बोर्ड वितळतो. तसेच तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन लांब का असते? ती आधी जोडली जावी व शेवटी सुटावी म्हणून. हे सूत्र पुस्तकातून पाठ केलेला मुलगा विसरेल, स्वतः वायर सोललेला विसरणार नाही.

दुसरे गणित. समजा, वायर, सॉकेट, स्विच, प्लग व डबा मिळून २६० रुपये लागले. दीड तास काम झाले. तासाला ८० रुपये धरले तर मजुरी १२० रुपये. हत्यारांची झीज व किरकोळ खर्च २० रुपये. एकूण ४०० रुपये. हा बोर्ड ३५० रुपयांना विकला तर मुलाला वाटते ९० रुपये सुटले. प्रत्यक्षात ५० रुपयांचा तोटा झाला, कारण त्याने आपली मजुरी धरलीच नाही. आपल्याकडील अनेक लहान धंदे याच ठिकाणी बसतात. स्वतःच्या श्रमाची किंमत न धरण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली. ती मोडण्याचे काम शाळेतील हा साधा हिशेब करू शकतो.

तिसरी भाषा. गिऱ्हाईकाला पावती लिहून द्यावयाची, साहित्याची यादी करावयाची, मुख्याध्यापकांना अर्ज करावयाचा. पुढे हाच विद्यार्थी बँकेत कर्ज मागायला आला की त्याच्याजवळ दरपत्रक, अंदाजपत्रक व मागील कामांची नोंदवही असेल. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले महामंडळ आहे. योजना आहेत, पण अर्जातील 'प्रकल्पाचा खर्च' हा रकाना कोराच राहतो. तो रकाना भरण्याचे शिक्षण नववीत मिळावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रशिक्षण आणि मजुरी यांतील रेषा

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. 'प्रत्यक्ष अनुभव' या नावाखाली मुलांना दुकानात झाडलोट करावयास लावणे, गॅरेजमध्ये दिवसभर गाड्या पुसावयास लावणे हे प्रशिक्षण नव्हे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. घरच्या धंद्यात शाळेची वेळ सोडून मदत करण्यासारखे मोजकेच अपवाद त्यात आहेत. १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. रीतसर उमेदवारीसाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. १९८६ च्या दुरुस्तीने बारावी व्यवसाय शाखेच्या विद्यार्थ्यांनाही त्याचा लाभ मिळाला. त्यात लेखी करार व विद्यावेतन असते. आज काय नवीन शिकलो, या प्रश्नाला मुलाजवळ सलग आठ दिवस उत्तर नसेल, तर पालकांनी शाळेत जाऊन विचारावे.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत व्यवसाय विषय निवडण्यापूर्वी पुढील प्रश्न अवश्य विचारा.

१. हा विषय कोणत्या मंडळाचा व कोणत्या मान्यतेचा आहे? गुणपत्रिकेवर तो दिसेल काय?
२. हा विषय घेतल्याने गणित, विज्ञान किंवा इंग्रजी सोडावे लागते काय? लागत असेल तर पुढे कोणत्या वाटा बंद होतात?
३. प्रशिक्षक सध्या नेमलेला आहे काय? आठवड्यात प्रात्यक्षिकाचे किती तास होतात?
४. हत्यारे किती मुलांमागे एक आहेत? कपाटात कुलूपबंद आहेत की वापरात?
५. मुलींना सर्व विषय खुले आहेत काय, की त्यांना शिवणकाम आणि मुलांना वीजकाम असे आधीच ठरलेले आहे?
६. वर्गातील कोणती मुले हा विषय घेतात? फक्त कमी गुणांचीच व ठराविक वस्तीतीलच असतील, तर असे का, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे पण स्पष्टपणे विचारा.

आमच्या मते सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तोच विषय सर्वांना असेल तर ते शिक्षण होय, आणि निवडक घरांतील मुलांनाच असेल तर ती जुनीच वाटणी नव्या पाटीखाली चालली आहे असे समजावे.

संस्थेने काय करावे

मोठ्या योजना सरकारच्या हाती असतात, पण काही कामे संस्थेच्या आवाक्यातील आहेत. आपल्या सभासदांत वायरमन, फिटर, टर्नर, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, छापखान्यात काम केलेले ज्येष्ठ नक्कीच सापडतील. त्यांची यादी करून जवळच्या माध्यमिक शाळेला द्यावी व महिन्यातून एकदा त्यांचे प्रात्यक्षिक ठेवावे. आपल्या काकांना फळ्यासमोर उभे राहून शिकविताना पाहिले, म्हणजे मुलाच्या मनातील 'हलके काम' ही कल्पना जशी जाईल, तशी ती भाषणांनी जाणार नाही. दुसरे, गुणवंतांचा सत्कार करताना ९० टक्क्यांच्या विद्यार्थ्याशेजारी व्यवसाय विषयात उत्तम काम केलेल्या मुलामुलींनाही बसवावे. तिसरे, रविवारी संस्थेच्या जागेत हत्यारांचा एक संच, एक नोंदवही आणि एक जाणता माणूस एवढे जरी उपलब्ध केले, तरी पुष्कळ होईल. चौथे, आय.टी.आय., पदविका व पदवी यांचा जो जिना वर सांगितला, त्याचा तक्ता करून सूचनाफलकावर लावावा व दर वर्षी नियम तपासून तो सुधारावा.

समारोप

आपल्या आजोबांना काम होते, पण निवड नव्हती. आपल्या वडिलांच्या पिढीने शिक्षणाच्या जोरावर नोकरीची निवड मिळविली. आता नोकऱ्या कमी होत चालल्या असताना पुढच्या पिढीला निवड टिकवावयाची असेल, तर तिला पुस्तक आणि हत्यार ही दोन्ही आली पाहिजेत. ज्या मुलीला संगणक दुरुस्त करता येतो व त्यावर निबंधही लिहिता येतो, तिला कोणी "तू हेच कर" असे सांगू शकत नाही. माध्यमिक शाळेतील व्यवसाय शिक्षणाकडून आपली मागणी इतकीच असावी. ते सर्वांच्या मुलांना मिळावे, ते चांगले मिळावे आणि त्याच्या पुढे वर जाणारा रस्ता खुला असावा. या तिन्हींपैकी एक जरी उणे असेल, तर ते मागून घेण्यासाठी पालकांनी व संस्थेने एकत्र येऊन शाळेची पायरी चढावी, ही विनंती.